जात्यावरचा पाऊस

ठिबकच्या नळ्यांसाठी ठेवलेल्या पैशांतून धाकट्याने पुण्याहून एक पेटी आणली, तेव्हा मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. सॅम्पलर म्हणतात तिला. वर रबराच्या सोळा चौकोनी गाद्या. कोणताही आवाज आत घ्यायचा, गादी दाबली की तो वाजतो. अमेरिकेच्या रॉजर लिन यांनी जपानच्या अकाई कंपनीसाठी केलेली एमपीसी ६० ही पेटी १९८८ साली आली, तेव्हापासून ही सोळा गाद्यांची रचना रुळली.

वैशाखात आई जात्यावर डाळ भरडत होती. पोराने माईक धरून चार सेकंदांची घरघर पेटीत घेतली आणि तिचा वेग निम्मा केला. वेग निम्मा झाला की आवाज दुप्पट वेळ चालतो आणि सूर एक सप्तक खाली उतरतो. घरघरीचा गडगडाट झाला! आईने खुंटा सोडला. "अरे, वळीव आला, अंगणातलं वाळवण काढा!"

मग पोराने खुंट्याचा नुसता ठोका कापून तालाला लावला, घरघर उलटी वाजवून पाहिली. बरेच फसले, ते त्याने टाकून दिले.

नवे वाण आधी दोन गुंठ्यांत करून बघा, हे मी शेतकऱ्यांना तीस वर्षे सांगत आलो. घरच्या पोराला मात्र ते दोन गुंठे द्यायला माझा हात धजला नव्हता.

आई मार्गशीर्षात गेली. नळ्या यंदा घेतल्या. सातव्या गादीवरचा तो आवाज पुसू नकोस, एवढे मी त्याला सांगितले आहे.