कर नाही, तरी डर

‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण ज्याने काढली, त्याच्या डोळ्यांसमोर अमेरिकन नागरिक नव्हता एवढे नक्की.

आपल्या प्राप्तिकर खात्याचा स्वभाव त्या मानाने सरळ. वर्षात १८२ दिवस इथे काढलेत की तुम्ही त्याचे. कायमचे बाहेर पडलात की ते फक्त तुमच्या इथल्या मिळकतीकडे डोळा ठेवते. जगातली बहुतेक सरकारे असाच हिशेब करतात. अमेरिकेचे तसे नाही. तिचा नागरिक काशीला गेला तरी आणि कझाकस्तानला गेला तरी सगळ्या जगातल्या मिळकतीचे विवरणपत्र त्याने दरवर्षी धाडायचे. या पंगतीला अमेरिकेच्या शेजारी आफ्रिकेतला इरिट्रिया बसतो. तो आपल्या परदेशस्थ लोकांकडून दोन टक्के घेतो. बाकी पाने रिकामीच म्हणायची.

याचे मूळ यादवी युद्धात आहे. १८६१ च्या कायद्यात घरी राहणाऱ्याला तीन टक्के कर होता, आणि परदेशी जाऊन बसलेल्याच्या अमेरिकेतल्या मिळकतीवर पाच. म्हणजे रणधुमाळीत देश सोडून गेल्याबद्दल दोन टक्के रुसवा! युद्ध संपले, रुसवा राहिला. पुढे मेक्सिकोत राहणारे कुक नावाचे एक गृहस्थ, ‘मी इथे, माझी मिळकत इथे, मग कर तिथे का?’ म्हणून भांडायला गेले. १९२४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सांगितले की, नागरिकत्वाचा लाभ तुम्ही जाल तिथे तुमच्याबरोबर येतो, तेव्हा करही येणार. बोरिस जॉन्सन यांचेही तेच. जन्म न्यूयॉर्कचा आणि बिऱ्हाड लहानपणापासून बहुतेक इंग्लंडात. लंडनचे घर विकले तर अमेरिकेने नफ्यात वाटा मागितला. आधी त्यांनी थयथयाट केला, मग मुकाट्याने पैसे भरले आणि २०१६ साली नागरिकत्वच सोडले.

आता ज्यांना राजीखुशीने परदेशी जायचे असते, ते अमेरिकन आधीपासून तयारी करतात. पहिला प्रश्न, निघायचे कुठल्या राज्यातून? कॅलिफोर्नियासारखे राज्य माणसाला सहजी सोडत नाही. तुमचे घर, मोटारीचा परवाना, मतदारयादीतले नाव यांवरून ‘हा परत येणार’ असे ते धरून चालते. म्हणून शहाणी माणसे आधी फ्लोरिडा नाहीतर टेक्सासला बिऱ्हाड हलवतात, कारण तिथे राज्याचा प्राप्तिकरच नाही. मग तिथून जगाला रामराम.

दुसरा प्रश्न दिवसांचा. सलग बारा महिन्यांत ३३० पूर्ण दिवस परदेशात काढले, तर कमावलेल्या पगारातले काही डॉलर करमुक्त होतात. २०२५ साठी ही रक्कम १,३०,००० होती. पण दिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र. आणि प्रवासात समुद्रावर गेलेला वेळ ‘परदेशात’ धरत नाहीत! समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही, म्हणून. बी.कॉम.ला आम्ही घसारा, ताळेबंद, बँक मेळ पत्रक सगळे शिकलो, पण समुद्राची वजावट कोणी शिकवली नव्हती.

हे सगळे आमच्या काउंटरवर २०१५ साली आले. भारत-अमेरिका करार झाला आणि अमेरिकन खातेदारांची माहिती कळवणे बँकांना भाग पडले. तेव्हापासून मी भल्या भल्या म्हाताऱ्यांना विचारतो, ‘आपला जन्म अमेरिकेत झाला का?’ एक आजी म्हणाल्या, ‘माझा जन्म सासवडला, सुईणीच्या हातचा. लिही.’

त्याच आजींची नात मात्र न्यू जर्सीत जन्मली. वडील तीन वर्षांच्या कामावर गेले होते. पोरगी आठ महिन्यांची असताना सगळे परत आले. अमेरिकेतून येताना तिने दोनच वस्तू आणल्या : एक रबरी बदक आणि एक निळा पासपोर्ट. बदक कधीच हरवले. पासपोर्टाचा सोसायटीत इतका मान, की मुलीचे नाव निघाले की आधी तो निघे.

आता ती तेवीस वर्षांची, पुण्यात नोकरी करणारी. पगार सवलतीच्या मर्यादेच्या फार आत, म्हणजे अमेरिकेला द्यायचा कर शून्य. पण तो शून्य विवरणपत्रातच लिहून पाठवावा लागतो! हिने म्युच्युअल फंडात पैसे टाकावेत, तर काही फंड अमेरिकन म्हटल्यावर दार लावून घेतात. जे आत घेतात, त्या प्रत्येकासाठी अमेरिकेला वेगळा फॉर्म आणि नफ्यावर जबर आकारणी. नागरिकत्व सोडावे, तर आधी भारताचे मिळवायला हवे, नाहीतर पोर त्रिशंकू व्हायची. शिवाय मागच्या पाच वर्षांची विवरणपत्रे नीट आहेत, अशी ग्वाही द्यायची. २०१४ साली तर सोडण्याची फी ४५० वरून २,३५० डॉलर झाली होती.

खरी मेख आजींच्या मुदत ठेवीत होती. बारा लाख, आजोबांच्या फंडाचे. आजींनी नातीचे नाव जोडीला घातलेले, ‘दोघींपैकी कोणीही किंवा हयात असेल ती’ या बोलीवर. परदेशी खात्यांत मिळून दहा हजार डॉलरच्या वर रक्कम गेली, की अमेरिकेच्या अर्थखात्याला कळवावे लागते. नाही कळवले तर नुसत्या नजरचुकीलाही दहा हजार डॉलरच्या वर दंड होऊ शकतो. आणि ‘परदेशी’ म्हणजे कुठले, तर आमची शाखा!

दोघी काउंटरवर आल्या. नात म्हणाली, ‘काका, माझं नाव काढून टाका. आजीच्या पैशांना माझ्यापायी त्रास नको.’

मी सांगितले, नाव काढायला दोघींची सही लागेल. आजींनी पेन हातात घेतले, टोपण काढले, परत लावले. ‘मी सही करणार नाही. माझ्या मागे हिने वारसाच्या दाखल्यासाठी कोर्टाचे जिने चढायचे का? काय ते कागद हिने भरावेत. शिकवलंय कशाला?’

नातीने कागद भरले, आजीसमोर बसून. संयुक्त खात्यात दुसरे कोण, असा त्यात रकाना असतो.

‘माझं नाव जाणार अमेरिकेला?’

‘हो. दरवर्षी.’

‘मग नवऱ्याचं नाव मधे घाल,’ आजी म्हणाल्या, ‘ठेव त्यांची आहे.’