माझगावचा ज्वालामुखी

माझगावच्या टेकडीवर, जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात उभे राहिले की खाली गोदी दिसते. मुंबईच्या सात बेटांपैकी हे एक. मुंबईचा काळा कातळ कोट्यवधी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा. तो ज्वालामुखी केव्हाच निवला. पण माझी आजी ‘डोंगर फुटला’ म्हणे, ते गोदीविषयी.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज लागले होते. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि कापसाच्या हजारो गाठी. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो. याच्यावर तो नव्हता. दुपारी आग लागली. चारच्या सुमारास पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकाने टिपला. जळता कापूस आणि तापले लोखंड वस्त्यांवर कोसळले. शेकडो माणसे गेली. त्यांत ६६ बंबवाले.

ज्वालामुखीच्या उतारावर माणसे सुपीक मातीसाठी राहतात. आजीचे वडील गोदीत हमाल, म्हणून बिऱ्हाड गोदीच्या भिंतीलगत. सकाळच्या पाळीला पायी जाता यावे, एवढाच हिशेब. धूर दिसला तेव्हा दहा वर्षांची आजी तो पाहायला गच्चीवर गेली. ‘पळा’ असे कोणी म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने सविस्तर बातमी दिली. इथल्या वार्ताहरांना मात्र सेन्सॉरने मे महिन्यापर्यंत रोखले.

जहाजाचे नाव आजीला पन्नास वर्षांनी, माझ्याकडून कळले. तिने ते दोनदा उच्चारून पाहिले.