डीबीत बातमी पायी चालते

वीस हजारांच्या आसपास वस्ती, डोंगरउतारावर चढत गेलेल्या इमारती, समोर समुद्र, आणि अख्ख्या गावात एकही खासगी मोटार नाही! तेही हाँगकाँगमध्ये! जिथे माणसं जागेअभावी एकमेकांच्या डोक्यावर राहतात असं आपण ऐकत आलो, त्याच हाँगकाँगच्या लांताव बेटावर हे गाव आहे. नाव डिस्कव्हरी बे. तिथे राहणारे नुसतं ‘डीबी’ म्हणतात. मी मुलीकडे राहून आले आणि आल्यापासून भेटेल त्याला धरून डीबीबद्दलच सांगते आहे. आता तुम्ही तावडीत सापडलात.

मी ठाण्यातल्या आमच्या सोसायटीची बरीच वर्षं सेक्रेटरी होते. त्यामुळे कुठेही गेले तरी माझी नजर आधी नोटीस बोर्डावर जाते. टाकी कधी धुणार, लिफ्ट का बंद, मेंटेनन्स कुणाचा थकलाय, हे वाचलं की इमारतीची तब्येत कळते. मुलीच्या इमारतीच्या लॉबीतला बोर्ड मी पहिल्याच सकाळी वाचून काढला. चिनी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत सगळं नीट छापलेलं. अमुक दिवशी पाणी बंद, तमुक दिवशी डासांसाठी फवारणी, वादळाचे दिवस आहेत तर बाल्कनीतल्या कुंड्या आत घ्या. तारीख, वेळ, सही, शिक्का. मला इतका आनंद झाला की मी उभ्या उभ्या फोटो काढला आणि आमच्या कमिटीच्या ग्रुपवर टाकला.

पण गावाची खरी बातमी बोर्डावर नसतेच. ती खाली चौकात असते. फेरीबोटीचा धक्का, बसथांबे, सुपरमार्केट, बँक, खाण्याची ठिकाणं, सगळं एकाच मोठ्या चौकाभोवती. त्याला प्लाझा म्हणतात. आता विचार करा, घरापासून ऑफिसपर्यंत काचा लावलेल्या गाडीत बसून जाण्याची सोयच नाही, म्हणजे वकील असो, वैमानिक असो, शाळेतली बाई असो, नाहीतर दुकानातला पोऱ्या, प्रत्येकाला या चौकातून पायी जावंच लागतं. रोज! दोनदा! मग ओळखी होणार नाहीत तर काय होईल? मुलीबरोबर दुधाची पिशवी आणायला उतरले तर परत यायला तास लागायचा. कुणाची बदली सिंगापूरला झाली, कुणाचा सोफा द्यायचा आहे, कुणाचं मांजर सापडलं, कुठल्या टेकडीवरच्या बसचं वेळापत्रक बदललं, सगळं त्या तासात कळायचं. ‘अराउंड डीबी’ नावाचं त्यांचं मासिकही आहे, मी चाळलं, छान आहे. पण मासिकाला महिना लागतो, चौकाला पाच मिनिटं पुरतात.

मोटार नाही म्हणजे काय काय नाही, हे तिथे गेल्यावर उमगतं. हॉर्न नाही. पार्किंगवरून भांडण नाही! ज्यांनी सोसायटीच्या सभा चालवल्या आहेत त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. शाळेत जाणारी पोरं एकटी, घोळक्याने, स्कूटर ढकलत, मध्येच थांबत, भांडत निघालेली असतात आणि त्यांच्यामागे कुणी धावत नसतं. चाकांवर चालतात त्या डीबीच्या स्वतःच्या बस, सामानाच्या गाड्या आणि गोल्फ कार्ट. हो, मैदानात चालवतात तीच गोल्फ कार्ट. त्यांची संख्या पाचशेच्या आसपास बांधून टाकलेली आहे, नवीन मिळत नाही. त्यामुळे जुनी विकत घ्यायची तर किंमत 20 लाख हाँगकाँग डॉलरच्या पुढे गेलेली. आपल्या हिशेबात दोन कोटी रुपयांच्या वर! एवढ्या पैशात आमच्याकडे फ्लॅट येतो, असं मी म्हटलं तर शेजारचे आजोबा म्हणाले, इथे नाही येत.

हे आजोबा म्हणजे चालताबोलता इतिहास. 1982 मध्ये पहिली कुटुंबं इथे राहायला आली, तेव्हापासूनची माणसं त्यांच्या ओळखीची. जागा मुळात सुट्टीच्या रिसॉर्टसाठी घेतलेली, सत्तरच्या दशकात. पुढे मालक बदलले, बेत बदलला आणि राहती वसाहत उभी राहिली. 2000 साली डोंगरातून बोगदा झाला, तोवर गावात यायला पाण्याचीच वाट होती. होवरक्राफ्टने यायचं, होवरक्राफ्टने जायचं. पिण्याचं पाणीसुद्धा डोंगरावरच्या गावच्याच तलावाचं, सरकारी पाणी त्याच 2000 साली आलं. मी त्या तलावापर्यंत चढून गेले. वरून एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला इमारतींची रांग, पलीकडे पेंग चाऊचं चिमुकलं बेट आणि मध्ये पांढरी रेघ ओढत चाललेली फेरीबोट. आजही गावाचा जीव त्या बोटीत आहे. रात्री-अपरात्रीही ती चालू असते. हाँगकाँग बेटावरच्या सेंट्रलच्या तीन नंबर धक्क्यापर्यंत साधारण अर्ध्या तासाचा प्रवास.

त्या अर्ध्या तासाबद्दल मी किती बोलू! सकाळच्या बोटीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. कुणी लिहून दिलेली नाही, पण ठरलेली. खिडकीशी वाचणारे, मागे गप्पा मारणारे, मधल्या रांगेत लिपस्टिक आणि टाय नीट करणारे. आपल्या डोंबिवली फास्टमधल्या ग्रुपसारखंच हे, मला क्षणभरही परकं वाटलं नाही. आणि हाँगकाँगच्या फेरीबोटींचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो हे कळल्यावर तर मी उडालेच. तिथली जगप्रसिद्ध स्टार फेरी ज्या कंपनीतून निघाली ती कौलून फेरी कंपनी 1888 मध्ये काढली दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने. मुंबईहून गेलेला, आधी स्वयंपाकी असलेला माणूस! हे मला मुलीने सांगितलं नव्हतं, बोटीत शेजारी बसलेल्या एका चिनी प्राध्यापकाने सांगितलं. बोटीतली बातमी अशी सव्वाशेहून अधिक वर्षं जुनीही असू शकते.

गावची बातमी खऱ्या अर्थाने ज्यांच्या हातात आहे त्या बायकांबद्दल मात्र मासिकात फारसं सापडणार नाही. घरकामाला असलेल्या फिलिपिनो, इंडोनेशियन बायका. हाँगकाँगच्या कायद्याप्रमाणे त्यांना कामाच्या घरीच राहावं लागतं आणि आठवड्यातून एक दिवस सुटी मिळते. बहुतेकींची सुटी रविवारी. त्या दिवशी चौकाच्या कडेला, किनाऱ्यालगत चटया पसरतात, डबे उघडतात, कुणाचे केस विंचरणं चाललेलं, कुणी गावाकडच्या लेकराशी फोनवर बोलतेय. कुठल्या घरात आजारपण आहे, कुठलं कुटुंब कधी जाणार, कुणाला चांगलं काम हवंय, हे त्यांना घरमालकांच्या आधी ठाऊक. मुलीच्या मजल्यावरच्या एकीने मला स्वतः शिजवलेला भात आणि मासे आणून दिले, मी तिला शिरा दिला. गावाचा गाडा या बायका ओढतात. गावाने त्यांना आणखी मोठी जागा द्यायला हवी, चटईपुरती नव्हे, असं मला मनापासून वाटतं.

आता एका बरणीची गोष्ट. आजोबांच्या दिवाणखान्यात, फुलदाणीशेजारी, झाकण घट्ट लावलेली एक काचेची बरणी आहे. आत पांढरे, बारीक, गोल दाणे. मला वाटलं साबुदाणा. त्यांनी झाकण उघडून माझ्या तळहातावर चार ओतले. कडक, गुळगुळीत, वासच नाही. प्लास्टिक! 2012 च्या जुलैमध्ये व्हिसेंटे नावाचं मोठं वादळ आलं. दहा नंबरचा बावटा, म्हणजे हाँगकाँगमधला सर्वांत वरचा इशारा. त्या वादळात एका जहाजावरचे काही कंटेनर समुद्रात पडले आणि कारखान्यात प्लास्टिक बनवायला लागणाऱ्या या दाण्यांच्या पिशव्या फुटल्या. दीडशे टनांचा माल. लाटांनी तो बेटांच्या किनाऱ्यांवर आणून टाकला. डीबीच्या उत्तरेचा साम पाक वान हा छोटा किनारा तर पांढरा झाला होता. आणि मग काय झालं? बातमी चौकात आली. लोक चाळण्या, केरसुण्या, सुपल्या, स्वयंपाकघरातली गाळणी घेऊन निघाले. बोटीने दुसरीकडून माणसं आली. शाळेतली मुलं, आजोबांसारखे निवृत्त, सुटी टाकून आलेले नोकरदार, दिवसचे दिवस उन्हात बसून वाळू चाळत होते. दाणा इतका बारीक की बोटांनी निवडावा लागायचा. “किनारा साफ करायचा म्हणून सुरू केलं,” आजोबा म्हणाले, “आणि संध्याकाळी लक्षात आलं की ज्यांच्याशी बारा वर्षं बोटीत नुसती मान हलवत होतो त्यांची नावं आता मला पाठ आहेत.” त्यांनी मला दोन दाणे कागदाच्या पुडीत बांधून दिले.

सगळंच गोड नाही, तेही सांगते, कारण गावावर जीव जडला की त्याची दुखरी बाजूही आपली वाटते. डीबीच्या मरीनात एक दुसरी वस्ती होती, बोटींवरची. दोनशेहून अधिक नौका, त्यातल्या कितीतरी लोकांची राहती घरं. मुलं बोटीवरून शाळेत जायची, आई बोटीच्या कठड्यावर कपडे वाळत घालायची. 2018 च्या उत्तरार्धात त्यांना कळवण्यात आलं की नूतनीकरण करायचं आहे, 31 डिसेंबरपर्यंत जागा सोडा. काही महिन्यांत एवढ्या बोटी हाँगकाँगमध्ये बांधायच्या कुठे? सभा झाल्या, निवेदनं गेली, लोक रडले, आणि बोटी गेल्या. आता तिथे देखणा यॉट क्लब आहे. मी धक्क्यावर उभी राहून पांढऱ्याशुभ्र नौका पाहिल्या, सुंदर आहेत, पण त्यांच्यात कुणाची चहाची किटली दिसली नाही. चौकात हा विषय काढा, आजही माणसं आवाज खाली आणून बोलतात.

या गोष्टीमुळेच मी मुलीच्या टेबलावरचे कागद मागून घेतले. गाव चालवतं कोण? तिने गेल्या वर्षी छोटा फ्लॅट घेतला आहे, त्यामुळे तिच्याकडे तो जाडजूड दस्त होता, 1982 चा, सगळ्या मालकांना बांधणारा करारनामा. माझ्यासारखीला ही मेजवानीच! आपल्याकडे सोसायटी होते, कन्व्हेयन्स झालं की जमीन सोसायटीच्या नावावर येते, निदान यायला हवी. डीबीत तसं नाही. जमिनीचे अविभक्त हिस्से केलेले आहेत. फ्लॅट घेतला की त्याच्याबरोबर सबंध जमिनीतले थोडे हिस्से तुमचे. पण विकासकाकडेही हिस्से राहतात आणि व्यवस्थापन कंपनी त्याच्याच घरची. गावाचे भाग पाडले आहेत, त्यांना व्हिलेज म्हणतात. पार्कव्हेल, हिलग्रोव्ह, मिडव्हेल, सिएना, अशी नावं. प्रत्येक व्हिलेजची मालकांची समिती, आणि त्यांच्या अध्यक्षांची मिळून वरची एक सिटी ओनर्स कमिटी. तिथे बजेट येतं, बसभाडं येतं, बोगद्याचा खर्च येतो. सल्ला देता येतो, प्रश्न विचारता येतात, अडवून धरणं कठीण. मी त्या कमिटीच्या इतिवृत्ताचे गठ्ठे वाचले. एका पाईपलाईनच्या खर्चावरून माणसांनी किती चिकाटीने, किती सभ्यपणे, पुन्हापुन्हा तोच प्रश्न विचारला आहे! पगार नाही, मानधन नाही, दिवसभराची नोकरी करून संध्याकाळी येऊन बसायचं. मी त्यांच्यातल्या एकालाही ओळखत नाही, पण ही माणसं माझ्या जातकुळीची आहेत.

आणि शर्यती! ड्रॅगन बोटींच्या! चिनी पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी तुएन नग् हा सण येतो. तेव्हा ताई पाक वान या डीबीच्या मुख्य किनाऱ्यावर अख्खं गाव लोटतं. लांब, निमुळत्या होड्या, पुढे ड्रॅगनचं तोंड, वीस वल्हेकरी, तोंडाशी ढोलवाला, मागे सुकाणूवाला. ढोलाचा एकेक ठोका पडला की वीस वल्ही एकदम पाण्यात. मुलीच्या संघात चिनी, ब्रिटिश, फिलिपिनो, फ्रेंच, आमची मराठी लेक आणि तिच्या वरच्या मजल्यावरचे एक पंजाबी काका. किनाऱ्यावर मी इतकी ओरडले की दोन दिवस घसा बसला होता. गणपतीत मिरवणुकीच्या ढोलावर अंगावर येतो तोच काटा तिथे आला. संध्याकाळी खाडीपलीकडे डिस्नेलँडची आतषबाजी सुरू झाली, डीबीतून ती फुकट दिसते, पण त्या दिवशी कुणी मान वर करून पाहिली नाही. सगळे तिसऱ्या शर्यतीतल्या टकरीवरच बोलत होते.

तुम्ही कधी गेलात तर बोगद्याच्या बसने जाऊ नका, बोटीनेच जा. ट्रॅपिस्ट साधूंच्या मठाकडून मुई वोपर्यंत डोंगरातून जाणारी पायवाट आहे, तीही चाला. पण आधी चौकात बसा, एखादी कॉफी घ्या आणि शेजारच्याला काहीही विचारा.

मी निघायच्या आधी मुलीला समोर बसवलं आणि तिच्या व्हिलेजचं गेल्या वर्षीचं बजेट उघडलं. कुठले आकडे एकत्र वाचायचे, ‘संकीर्ण’मध्ये काय लपतं, निविदा किती आल्या हे आधी विचारायचं, सूचना तोंडी न देता लेखी द्यायची. “अगं आई, मी नुसती ऐकायला जाणार आहे,” ती म्हणाली. पण वही घेतली होती तिने, आणि पुढच्या सभेसाठी लिफ्टच्या दुरुस्तीवरचे तीन प्रश्न आम्ही दोघींनी मिळून लिहून काढले. त्यातला दुसरा प्रश्न फार चांगला आहे.