खानदेशच्या वाटेवर : भरीत, शेवभाजी आणि एक खापर

वाचकहो, पुणे-मुंबईकडच्या हॉटेलांवर अलीकडे 'खानदेशी जेवण मिळेल' अशा पाट्या दिसतात. आम्हा खानदेशातल्या माणसांना त्या वाचून थोडे हसू येते, थोडी छाती फुगते, आणि आत जाऊन जेवल्यावर बहुतेक वेळा तोंडही पोळते. खानदेशी म्हणजे नुसते तिखट, असा एक समज होऊन बसला आहे. तेव्हा या वेळी तुम्हांला आमच्या मुलखातच घेऊन जातो. चला एस.टी.त बसा. मायबहिणींना २०२३ सालापासून अर्धेच तिकीट आहे, म्हणजे घरधन्याला नाही म्हणायला जागा नाही!

आमचे गाव पारोळ्याच्या अंगाचे. मार्गशीर्षात भुसावळला नात्यातले लग्न निघाले. मी आणि आमची सौभाग्यवती निघालो, तेव्हा ओट्यावर बसलेल्या आईने एकच काम सांगितले : "खापर मिळाले तर पहा." गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातले जुने खापर तडकले होते. त्या सणाला आमच्या घरात पहिल्यांदाच तव्यावरच्या पुरणपोळ्या झाल्या. आई काही बोलली नाही, मुकाट्याने जेवली. पण आमरसाची वाटी तिने अर्धी ठेवली, हे सगळ्यांनी पाहिले होते.

लग्न उरकले आणि येताना दोन दिवस मुद्दाम मोडले. भुसावळहून परत जळगाव, तिथून एरंडोल, पारोळा आणि धुळे असा रस्ता धरायचा आणि वाटेत जिथे भूक लागेल तिथे बसायचे, असे ठरवले. पण सुरुवातीला थोडे उलटे गेलो. तापी ओलांडून यावल तालुक्यात बामणोदला. का, तर भरीत.

भरिताचे वांगे म्हणजे तुमचे मसाल्याचे काटेरी वांगे नव्हे. हे मोठे, लांबट, फिकट हिरवे, अंगावर पांढुरक्या रेघा, आणि आत बी अगदी थोडे. चातुर्मासात वांगे वर्ज्य असते. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग आमच्याकडे जो भरिताचा हंगाम उघडतो तो थंडी संपेपर्यंत चालतो. शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, त्यावर पाच-पन्नास वांगी एकदम टाकायची, आणि साल काळे पडून आतला गर मऊ झाला की बाहेर ओढायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुरकट वास येत नाही. कितीही वाद घाला, येत नाही. साले काढून गर उखळासारख्या लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचायचा. मग वर फोडणी : शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. तेल मोजायचे नाही. मोजणारा माणूस भरितापाशी बसू नये.

ज्यांच्या शेतात आम्ही बसलो ते पाटील दरवर्षी चांगली वांगी झाडावर पिकवून पिवळी होऊ देतात आणि बी घरीच धरतात. शेजारच्या दोघांनी ते सोडून दिले आहे. विकतचे रोप लावायचे, ते जास्त तोडे देते, बाजारात चकाकते. "पण ठेचायला घेतले की पाणी सुटते," असे पाटलांचे म्हणणे. खरे-खोटे त्यांचे त्यांना ठाऊक, पण आमच्या पुढ्यातल्या भरिताला पाणी सुटले नव्हते एवढे मी सांगतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावावर सरकारी शिक्का बसला. पाटलांना मी ते सांगितले. ते म्हणाले, "शिक्का कागदावर असतो भाऊ, बी मडक्यात असते."

तिथून मागे फिरून जळगाव. वाटेत एका बाजूला केळीच्या बागाच बागा. याच पट्ट्यात फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, हे शाळेत वाचलेले तुम्हांला आठवत असेल. जळगावच्या जवळ आसोदे हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. १८८० साली त्या तिथे जन्मल्या. चूल, जाते, शेत यांवर ज्या बाईने एवढे रचले, तिच्या गावचे भरीतही नावाजलेले असावे हे मला मोठे शोभून दिसते.

जळगावात भरीत विकत मिळते. शहरात भरिताची दुकाने आहेत आणि थंडीत तिथे रांगा लागतात. घरात पाहुणे आले की माणसे डबा घेऊन जातात, किलोवर भरीत तोलून आणतात. आम्ही एका लहानशा हॉटेलात बाकावर बसलो. भरीत, त्याबरोबर कळण्याच्या पुऱ्या, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कांदा. कळणा म्हणजे काय, हे देशावरच्या भगिनी विचारतील. ज्वारीत सालासकट अख्खे उडीद मिसळून, थोडे मीठ घालून दळायचे. आमच्या घरी चार पायली ज्वारीला एक पायली उडीद असे प्रमाण धरतात. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, भाकरी चिरत नाही, आणि दुपारपर्यंत पोट बोलत नाही. कष्टाच्या माणसाची भाकरी ती.

हॉटेलवाल्याला मी विचारले, ज्वारी कुठली? तो म्हणाला, सोलापूरकडची येते. मला घास थांबवावा लागला. ज्या जिल्ह्यात पूर्वी नजर जाईल तिकडे ज्वारी उभी असायची, तिथे आता कापूस, मका आणि केळी. त्यात कुणाची चूक काढायची? माझ्या स्वतःच्या रानात तीन वर्षे ज्वारी नाही. पाखरे राखायला माणूस नाही, कापणीला मजूर नाही, आणि भाव आला तर आला. पण गिऱ्हाईक मात्र कळण्याच्या पुरीला गव्हाच्या पोळीपेक्षा जास्त पैसे मोजून जाते, हे मी तिथे बसून डोळ्यांनी पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणा ओलांडून एरंडोलकडे निघालो. जळगाव ते धुळे रस्ता नव्वदेक किलोमीटरचा. सुरतेहून नागपूरला जाणारा हा महामार्ग. दिवसरात्र ट्रक. ट्रक म्हटले की ढाबे आले, आणि ढाबे म्हटले की शेवभाजी.

ही शेवभाजी आता साऱ्या महाराष्ट्रात पोचली आहे. पण तिचा जन्म कशातून झाला असेल, याचा विचार करा. चैत्र-वैशाखात विहिरीला पाणी नाही, परसात पालेभाजी नाही, दारात अचानक पाहुणा उभा. घरात काय आहे? डब्यात शेव, फडताळात डाळीचे पीठ, मडक्यात मसाला. त्यातूनच ही सगळी कालवणे झाली असावीत, असे मला वाटते. डाळीचे पीठ शिजवून थाळीत थापायचे आणि वड्या पाडून रश्शात सोडायच्या, त्या पातोड्या. भिजवलेले पीठ थेट उकळत्या रश्शात सोडले की डुबुक आवाज होतो, म्हणून डुबुक वडे. डाळ भिजवून, भरड वाटून, वाफवून कढीबरोबर खायचे ते फुणके. भाजी नसलेल्या घराने पाहुण्याला उपाशी जाऊ दिले नाही, आणि आज त्याच पदार्थांसाठी मोटारी थांबतात!

पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. नाव लिहीत नाही, कारण सांगायचे ते चांगले नाही. रस्सा लालभडक, वर बोटभर तेल, आणि चव मात्र पुडीतल्या मसाल्याची. शेव रश्शातच शिजून लगदा झालेली. आमच्या सौ. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, तीस वर्षे खानदेशात नांदल्या. त्यांनी एक घास खाऊन वाटी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "यात खोबरे जळलेलेच नाही." भगिनींनो, गोम तीच आहे. कांदा विस्तवात टाकून वरून काळा होईपर्यंत भाजायचा, सुके खोबरे तसेच जाळावर धरायचे. धणे, लवंग, दालचिनी, दगडफूल तेलावर परतायचे, आणि लसूण-लाल मिरचीसह सगळे पाट्यावर वाटायचे. रंग लाल नाही, काळपट तांबूस येतो. मिरची दोंडाईच्याकडची किंवा नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळलेली असेल तर मग विचारूच नका. शेव जाड, भाजीची म्हणून मिळते तीच घ्यावी, आणि ताटात वाढायच्या वेळीच रश्शात टाकावी. हे एवढे केले तर शेवभाजी तुमच्या घरीही होईल, मग गाव कोल्हापूर असो की यवतमाळ.

मध्ये अमळनेरला एक फेरी मारून आलो, मेहुण्यांकडे निरोप होता म्हणून. साने गुरुजी जिथे शिक्षक होते ते हे गाव. आणि आता जगभर संगणकाचे काम करणारी विप्रो कंपनीही १९४५ साली याच गावात सुरू झाली, बरं का. तेव्हा ती वनस्पती तूप आणि खाद्यतेल काढायची. आसपास भुईमूग होता, म्हणून कारखाना आला. खानदेशी स्वयंपाकात तेलाचा हात सैल का, याचे उत्तर मला तरी त्या शेंगांतच दिसते. मेहुण्यांकडे दुपारी वरण-बट्टी होती. जाड दळलेले गव्हाचे पीठ, त्यात ओवा, हळद, मोहन. गोळे वाफवून, कापून, तळलेले. वर तुरीचे वरण, सोबत घोटलेली वांग्याची भाजी. वरण-बट्टी हे हॉटेलात एकट्याने खायचे अन्न नव्हेच. पंगत हवी, शेजारी आग्रह करणारा हवा. त्याविषयी अधिक लिहीत नाही. तशी पंगत मिळाली तर सोडू नका.

संध्याकाळी धुळे. पांझरेच्या काठचे शहर. मुंबई-आग्रा रस्ता आणि आमचा सुरत-नागपूर रस्ता इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे खाणाऱ्यांची कमतरता नाही. एका हॉटेलाच्या दारातच चूल मांडलेली, तिच्यावर खापर उपडे घातलेले, आणि पन्नाशीची एक बाई मांडे करीत होती. आम्ही जेवायचे विसरून पाहत राहिलो. कणीक अशी तिंबलेली की दोरीसारखी लांबते. दोन पाऱ्यांमध्ये भरपूर पुरण, कडा दाबल्या, आणि मग पोळपाट नाही, लाटणे नाही. दोन्ही हातांवर खेळवत, कोपरापर्यंत नेत पोळी वाढवायची. बघता बघता ती परातीएवढी झाली, आणि एका झटक्यात खापरावर. सुरकुती नाही. दोन तरुण पोरे मोबाइलमध्ये चित्र घेत होती.

गर्दी ओसरल्यावर सौ. तिच्याजवळ बसल्या. बाई जवळच्याच खेड्यातली. कोरडवाहू दोन एकर, दोन वर्षे कापसाने दगा दिला, म्हणून इथे रोजाने येते. "घरी चाळीस वर्षे केले," ती म्हणाली, "कुणी बघायला थांबले नाही. इथे पैसे देऊन बघतात." कौतुकाने म्हणाली की दुःखाने, मला सांगता येणार नाही. तिच्या दोन सुनांपैकी एकीलाही मांडे येत नाहीत. एक शिकते म्हणते, पण हात भाजला की सोडून देते. मांडे आम्ही पातळ सारासोबत खाल्ले. आमरसाचे दिवस नव्हते. चव आईच्या हातची होती असे म्हणणार नाही, पण जवळची होती.

खापर कुठे मिळेल, तेही तिनेच सांगितले. सकाळी कुंभारवाड्यात गेलो. खापरांचा हंगाम आखाजीच्या आधीचा. कुंभारदादांकडे मागच्या खोलीत दोनच उरली होती. त्यांनी बोटाच्या पेराने दोन्ही वाजवून दाखवली. एक बद्द वाजले, एक खणकन. खणखणीत ते घेतले, गोधडीत गुंडाळले, आणि एस.टी.त मांडीवर धरून पारोळ्यापर्यंत आणले. कंडक्टरने विचारले, "बाळ आहे का?" सौ. म्हणाल्या, "हो, अर्धे तिकीट लागते का?"

आईने गोधडी सोडली, खापर पेराने वाजवून पाहिले. मान हलवली. मग स्वतःच्या थरथरत्या मनगटांकडे पाहिले आणि अहिराणीत म्हणाली, "खापर लई उनात, पन कनिक कोन तिंबी?"

खापर आणलेत, पण कणीक कोण मळणार? धाकटी सून दारात उभी होती. तिने पदर खोचला आणि पीठ चाळायचे फडके कुठे आहे ते विचारले. पहिली पोळी खापराच्या कडेवरून चुलीत पडली. दुसरी फाटली. तिसरी, वाकडी का होईना, आईच्या ताटात गेली.