नाव ठाऊक असलेला माणूस

मी पटकथालेखन शिकवतो. निगडी प्राधिकरणातल्या माझ्या वर्गात येणारी बरीच मुलं चाकणच्या कारखान्यांत नोकरी करतात; पहिली पाळी संपवून संध्याकाळी वह्या उघडतात. टोळीत पेरलेल्या माणसाची गोष्ट कशी रचायची हे सांगताना मी त्यांना १९७८चा 'डॉन' पुन्हा पाहायला लावतो. तो सगळ्यांचा पाहून झालेला असतो, आणि मला तेच हवं असतं. शेवट माहीत असला की नजर अमिताभवरून ढळते आणि इफ्तेखारवर स्थिरावते.

इफ्तेखारचा डीएसपी डिसिल्व्हा डॉनच्या मरणाची बातमी दाबतो, प्रेत गुपचूप पुरतो आणि मुंबईत नाचगाणं करून पोट भरणाऱ्या विजयला डॉन म्हणून टोळीत धाडतो. स्मृती गेल्याचं सोंग, मग टोळीची गुपितं असलेली ती डायरी. पोलीस खात्यात हे एकट्या डिसिल्व्हाला ठाऊक असतं. छाप्याच्या धुमश्चक्रीत तो मारला जातो आणि त्या क्षणापासून विजय नावाचा माणूस कायद्याच्या लेखी उरतच नाही. टोळीत शिरलेली रोमा हे जाणते, पण इतरांच्या लेखी तीही टोळीतलीच. तिच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? सलीम-जावेद यांच्या पटकथेतली ही मला सर्वांत निर्दय आणि सर्वांत अस्सल जागा वाटते. पुढची डायरीची पळवापळवी रंजक आहे, इतकंच.

एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्याकडे पाळी बदलताना सगळं लॉगबुकात लिहून सही करावी लागते. एकाच्याच डोक्यात राहिलं आणि तो उद्या आला नाही, तर लाइन बंद." नेमका पेच त्याने पकडला होता. पण पेरलेल्या माणसाचं नाव लिहून ठेवावं, तर तो कागद फुटू शकतो. आणखी एकाला सांगावं, तर तोच विकला गेलेला असू शकतो. 'डॉन'मध्ये तसंच घडतं: इंटरपोलचा अधिकारी म्हणून वावरणारा माणूसच टोळीचा सूत्रधार वर्धान निघतो.

हाँगकाँगच्या 'इन्फर्नल अफेअर्स'ने (२००२) आणि त्यावरून स्कोर्सेसीने केलेल्या 'द डिपार्टेड'ने (२००६) हीच कळ फिरवली: ओळख जाणणारा वरिष्ठ मरतो आणि पेरलेला माणूस उघड्यावर पडतो. २००६च्या नव्या 'डॉन'ने मात्र डिसिल्व्हालाच वर्धान करून टाकलं. धक्का बसतो, पण मूळ चित्रपटातली वेदना जाते. प्रामाणिक माणसाच्या मरणाने झालेला अन्याय कटकारस्थानाने होणाऱ्या अन्यायापेक्षा जास्त छळतो.

प्रत्यक्षात १९७६ ते १९८१ न्यूयॉर्कच्या बोनॅनो टोळीत राहिलेला एफबीआयचा जोसेफ पिस्टोन तगला आणि नंतर न्यायालयात साक्षी देऊ शकला, कारण तो आपला माणूस आहे हे सांगायला एक अख्खी यंत्रणा मागे उभी होती. त्याच्यावरचा 'डॉनी ब्रास्को' (१९९७) म्हणूनच वेगळ्या दुःखाकडे वळतो: ज्याने त्याच्यावर विश्वास ठेवला, त्या टोळीतल्या लेफ्टीच्या.

आपल्याकडे याच्याही पलीकडे गेले ते गोविंद निहलानी, १९९४च्या 'द्रोहकाल'मध्ये. तिथे टोळीऐवजी दहशतवादी गट आहे. त्यात माणसं पेरणारा अधिकारी आहे अभय सिंग, म्हणजे ओम पुरी. कोठडीत बसलेला गटाचा म्होरक्या भद्रा त्याच्या कुटुंबावरच्या धोक्याची सावली दाखवत त्याला आतून पोखरत नेतो. आशिष विद्यार्थींना भद्राच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. डिसिल्व्हाला गोळी लागली. अभयला जगावं लागतं, पेरलेल्या माणसांची नावं उराशी धरून, बायकोमुलाच्या घरात. भद्रा आणि अभयचा कोठडीतला प्रसंग संपल्यावर मी चित्रपट थांबवतो आणि मुलांना सांगतो: डिसिल्व्हा वाचला असता आणि त्याच्या घरावर अशीच सावली पडली असती, तर? ते पान लिहा.