जुन्या स्विफ्टकडून नव्या स्विफ्टकडे

आमच्या घरात पंधरा वर्षं एकच गाडी होती. २००९ सालची पांढरी स्विफ्ट, पेट्रोलवर चालणारी. २०२४ च्या अखेरीस ती गेली आणि तिच्या जागी पुन्हा स्विफ्टच आली, चौथ्या पिढीची. नातेवाईक विचारतात, "एवढे पैसे घालून तीच गाडी पुन्हा का घेतली?" नाव तेच आहे, गाडी ती नाही. आणि ही अदलाबदल करताना आमच्या घरात जी चर्चा झाली, ती गाडीपेक्षा मोठी होती. गाडी बदलण्याच्या विचारात असलेल्या भगिनी-बांधवांना तिचा उपयोग होईल म्हणून लिहिते आहे.

भारतात पहिली स्विफ्ट मे २००५ मध्ये आली. तोवर मध्यमवर्गीय घरातली छोटी गाडी म्हणजे मारुती ८००, अल्टो किंवा उंच डब्यासारखी वॅगन-आर. स्विफ्ट ठेंगणी, रुंद आणि चपळ. १२९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद सुमारे ८७ बीएचपी आणि वजन जेमतेम टनभर. त्यामुळे ती घाटात मागे राहत नसे. पुढे २०११ मध्ये दुसरी पिढी आली, २०१८ मध्ये तिसरी आणि मे २०२४ मध्ये चौथी. आमची पहिल्या पिढीतली. हे गल्फहून कायमचे परतले तेव्हा साठवलेल्या पैशांतून घेतलेली. मी गाडी चालवायला शिकले ती त्याच गाडीवर. शाळेत नोकरीला जाणं, अब्बांना (माझ्या सासऱ्यांना) कुंभार्ली घाटातून कराडला दवाखान्यात नेणं, ईदला माहेरी जाणं, सगळं तिनेच केलं.

ती चालवण्यात मजा होती, हे मान्य करायला हवं. स्टिअरिंग थोडं जड, पण रस्ता हाताला कळायचा. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ताणलं की तक्रार न करता ओढायचं. मग बदलायची कशाला?

पहिलं कारण कागदाचं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून, तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील कारच्या या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. वर पर्यावरण कर वेगळा. दुसरं कारण खरं होतं. आमच्या जुन्या गाडीत एकही एअरबॅग नव्हती. लेक पुण्यात शिकायला गेली आणि मुंबई-गोवा महामार्ग, कुंभार्ली घाट अशा फेऱ्या वाढल्या. रात्री घाटात समोरून ट्रेलर आला की अम्मी मागे बसून सफरची दुआ मोठ्याने म्हणायच्या. दुआ आपण करतोच, पण उंट बांधून मग तवक्कल करायचं, हेही आपल्याला शिकवलेलं आहे.

नव्या स्विफ्टमध्ये सगळ्यात खालच्या मॉडेलपासून सहा एअरबॅग आहेत. गाडी घसरू लागली तर सावरणारी ईएसपी यंत्रणा आहे, पाचही जणांना तीन बिंदूंचे सीट बेल्ट आहेत. चढावर ब्रेकवरून पाय काढला की गाडी दोन-तीन क्षण मागे न जाता थांबते. कुंभार्लीत ट्रकच्या मागे अडकून थांबावं लागतं तेव्हा जुन्या गाडीत मी हँडब्रेक ओढून, क्लच अर्धा सोडून निघत असे. आता ती कसरत संपली.

पण सगळंच वाढलं असं नाही. ताकद कमी झाली! नवं इंजिन ११९७ सीसी, तीन सिलिंडरचं आणि सुमारे ८० बीएचपीचं आहे. म्हणजे पंधरा वर्षं जुन्या गाडीपेक्षा कमी. घाटात दुसरा गिअर थोडा लवकर घ्यावा लागतो. गाडी जमिनीपासून १७० ऐवजी १६३ मिलिमीटर उंच आहे, हे आमच्या गावातल्या गतिरोधकांना बरोबर कळतं. टाकी ४३ लिटरची ३७ लिटरची झाली. पण कंपनी लिटरला २४.८ किलोमीटरचा आकडा सांगते आणि माझ्या वहीप्रमाणे रोजच्या वापरात २० च्या आसपास मिळतात. जुनी १३-१४ वर अडायची. त्यामुळे छोटी टाकी जास्त लांब नेते. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ६० मिलिमीटरने वाढलं आहे, गाडी खड्ड्यांत पूर्वीइतकी आपटत नाही. बसायला मात्र ती आजही खालीच आहे. अम्मींचे गुडघे दुखतात, त्यांना वाकूनच बसावं लागतं. ज्यांच्या घरी वयस्क माणसं जास्त प्रवास करतात, त्यांनी आधी त्यांना शोरूममध्ये नेऊन बसवून बघावं.

आता पैशांचं. स्विफ्ट बाजारात आली तेव्हा शोरूमची किंमत ६.४९ लाखांपासून सुरू होत होती. आम्ही पाहिलेलं मधलं मॉडेल, त्यावर राज्याचा ११ टक्के एकरकमी कर, विमा, नोंदणी मिळून साडेआठ लाखांच्या घरात जात होतं. शोरूममधल्या मुलाने सर्वात आधी हप्त्याचा तक्ता पुढे केला. आम्ही व्याजाचं कर्ज घेणार नाही म्हटल्यावर तो थोडा गोंधळला, मग म्हणाला, "मॅडम, हल्ली कॅशने कोणी घेत नाही."

आम्ही चार वर्षं बाजूला टाकलेले चार लाख होते. त्यावर दर वर्षी जकात काढली होती. वापरायच्या गाडीवर जकात नसते, पण गाडीसाठी साठवलेल्या रकमेवर वर्ष उलटलं की असते, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. माझ्या भिशीचे दोन लाख त्या महिन्यात लागले. कुवेतमधल्या माझ्या धाकट्या दिरांनी दीड लाख कर्ज-ए-हसना म्हणून दिले. ते म्हणाले, "भाभी, घरातल्या घरात कागद कशाला?" पण अब्बांनी कागद करायलाच लावला. रक्कम, मुदत, दोन साक्षीदार. कुरआनातली सर्वात मोठी आयत कर्ज लिहून ठेवण्याबद्दल आहे, ती काय परक्यांसाठीच आहे का, असा त्यांचा प्रश्न होता. उरलेली रक्कम जुन्या गाडीतून यायची होती. एजंटने अंदाज दिला, एक लाख तीस हजार. तेवढे आले असते तर एक पायरी वरचं मॉडेल बसत होतं, चावी न लावता बटण दाबून सुरू होणारं. दहावीतल्या आमच्या मुलाचा जीव त्या बटणात अडकला होता.

इथे आमची खरी परीक्षा आली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा आमची गाडीही त्यात होती. पाणी सीटच्या बैठकीपर्यंत आलं होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही ती सुरू न करता ओढून गॅरेजला नेली. पुरातल्या गाडीची चावी फिरवायची नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर तिथेच ते तुटतं. मेकॅनिकने सीट, गालिचा बाहेर काढला, ऑइल बदललं, वायरिंगचे जोड एकेक करून साफ केले. खर्च ३८ हजार आला. त्यानंतर तीन वर्षं गाडी तक्रारीशिवाय चालली. बारा वर्षांच्या गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टीचा होता, म्हणून क्लेमही केला नव्हता. म्हणजे ती गाडी पुरात होती याची कुठल्याही कागदावर नोंद नव्हती.

एजंट म्हणाला, "ताई, पूर सगळ्या चिपळूणला आला होता. विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर आपण होऊन कशाला?" मुलगाही म्हणाला, "अम्मी, गाडी तर मस्त चालते. त्यांना कळणार तरी कसं?"

त्याचा प्रश्न सरळ होता आणि माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. चाळीस-पन्नास हजार रुपये आमच्यासारख्या घरात लहान रक्कम नाही. तेवढ्यात पलंगावरून अब्बा बोलले. त्यांनी मुलाला मदिनेच्या बाजारातली ती गोष्ट सांगितली, जी सहीह मुस्लिममध्ये आली आहे. प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला, तर आतलं धान्य ओलं लागलं. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजलं. तेव्हा त्याला विचारण्यात आलं की मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. अब्बा एवढंच सांगून थांबले. मुलगा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे पाऊस त्या माणसाने पाडला नव्हता, तरीसुद्धा."

"तरीसुद्धा," अब्बा म्हणाले.

मग ठरलं. आधी फॉर्म २५ भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली, म्हणजे घेणाऱ्याला आरटीओच्या खेपा पडू नयेत. गॅरेजची २०२१ ची बिलं शोधून फाईलला लावली. पहिला ग्राहक पुराचं ऐकताच चहा अर्धा टाकून उठला. दुसऱ्याचा फोन पुन्हा आला नाही. तिसरा सावर्ड्याकडचा एक तरुण शिंपी होता. पहिलीच गाडी, आईला दर आठवड्याला दवाखान्यात न्यायची होती. त्याला मी स्वतः सगळं सांगितलं. कुठपर्यंत पाणी आलं, काय बदललं, काय बदललं नाही. मुलाने मॅट उचलून खालचा गंजाचा डाग दाखवला. तो माणूस चार दिवसांनी आपला मेकॅनिक घेऊन आला. त्याने खालून, वरून तपासली, चालवून पाहिली आणि नव्वद हजार सांगितले. आम्ही हो म्हटलं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. आरसी त्याच्या नावावर होईपर्यंत हे त्याच्या पाठी लागले होते, कारण तोवर गाडीची जबाबदारी आपलीच असते.

चाळीस हजार कमी आले. बटणाचं मॉडेल गेलं, चावीचं आलं. मुलाचा चेहरा पडला, ते साहजिक होतं. मग त्याने स्वतःच दोन्ही मॉडेलांचं माहितीपत्रक शेजारी ठेवून तपासलं. एअरबॅग तेवढ्याच. ईएसपी तेच. सीट बेल्ट तेच. इंजिनही तेच. "म्हणजे फक्त बटण गेलं," असं म्हणून त्याने ते कागद घडी करून ठेवले.

पहिल्या पावसाळ्यात त्या शिंप्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात धस्स झालं. त्याला एवढंच विचारायचं होतं की आम्ही वायपरची पाती कुठली लावत होतो. गाडी बरी आहे म्हणाला, आईला पुढच्या सीटवर ऐसपैस बसता येतं. मग म्हणाला, "मॅडम, ते पुराचं तुम्ही सांगितलंत म्हणून मी पावसाआधी वायरिंग पुन्हा बघून घेतलं. दोन जोड गंजले होते, बदलले." माहिती मिळाली नसती तर ते जोड कुठल्या तरी रात्री, त्याची आई गाडीत असताना बंद पडले असते. आम्ही चाळीस हजारांकडे आपलं नुकसान म्हणून बघत होतो. त्यातली थोडी रक्कम त्याने ते जोड बदलायला वापरली होती.

जुनी गाडी विकताना तिचा सगळा इतिहास एका कागदावर लिहा. अपघात, पूर, बदललेले भाग, न बदललेले भाग. तो घेणाऱ्याच्या हातात द्या, आणि तुम्ही जुनी गाडी घेत असाल तर असा कागद मागा. घरातल्या मुलांना त्या वेळी शेजारी बसवा. दिरांच्या कर्जाचे आता सात हप्ते उरले आहेत. दर महिन्याला रक्कम पाठवली की मुलगा कागदावर तारीख टाकतो आणि अब्बांना नेऊन दाखवतो.