पाटाच्या पाण्याचे माहेर

सोयाबीनची पोती घरात आलेली आहेत, हरभऱ्याच्या पेरणीला आठ-दहा दिवस अवकाश आहे आणि कारखान्याची तोड अजून सुरू झालेली नाही. शेतकऱ्याच्या वर्षात असा मोकळा आठवडा एखादाच येतो आणि तोही बाजाराच्या चकरांत व लग्न ठरवण्याच्या बैठकांत संपून जातो. वाचक बंधुभगिनींनो, यातला एक दिवस घरच्या मंडळींसाठी काढा आणि प्रवरेच्या उगमाकडे जाऊन या, असे मी सुचवतो. प्रवरेच्या पाटावर ज्यांचे शिवार भिजते त्यांनी तर जावेच.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचे धरण आहे. त्याच्या जलाशयाभोवती डोंगर, जंगल आणि भातखाचरे यांच्यातून एक रस्ता वळसा घालतो. हा वळसा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा. संगमनेरहून धरण साठ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे राहाता, श्रीरामपूरकडच्या माणसालाही पहाटे निघून रात्री घरी येता येते. मात्र बेत नीट आखला पाहिजे. तो न आखता गेले की काय होते, हे मी स्वतः भोगले आहे.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टातल्या एका रविवारी, तेही जोडून सुट्टी आलेल्या, आम्ही सकाळी नऊ वाजता घरून निघालो. धरणाजवळच्या शेंडी गावात पोहोचायला दुपार झाली आणि तिथे गाड्यांच्या रांगेत दोन तास गेले. पुढे घाटघरच्या कड्यावर जाऊन पाहतो तो समोर पांढरे फटक धुके. कोकण नाही, डोंगर नाही, शेजारी उभा असलेला माणूससुद्धा धड दिसेना. रात्री अकराला घरी आलो तेव्हा गोठ्यात गाय हंबरत होती. आमच्या मंडळींनी एवढेच म्हटले, "धुकंच बघायचं होतं तर ते पौषात आपल्या मळ्यात फुकट दिसतं."

म्हणून दुसऱ्या खेपेला आमच्या शेजारच्या अण्णांना बरोबर घेतले आणि आधी चार दिवस बसून सगळे ठरवले. अण्णांची सहा एकर जमीन पाटाच्या अगदी टेलला. वरचे लोक पाणी ओढून घेतात, आमच्यापर्यंत येईतो चारी कोरडी पडते, ही त्यांची तीस वर्षांची तक्रार. पाटकऱ्याशी भांडण आणि सात नंबरचा पाणीअर्ज यांत त्यांचे निम्मे आयुष्य गेले आहे. परंतु ज्या धरणाच्या पाण्यासाठी भांडायचे ते धरण त्यांनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत पाहिलेले नव्हते.

आपल्या घरांत सहलीचा बेत सुरू होतो तो धारेपासून. सकाळची धार पहाटे चारला उरकायची आणि संध्याकाळच्या धारेला भाऊबंदांपैकी कुणाला तरी आधीच सांगून ठेवायचे. नवखा माणूस गोठ्यात गेला तर गाय पान्हा चोरते. म्हणून आदल्या दोन संध्याकाळी त्याच्याच हातून धार काढवावी. अण्णांच्या पुतण्याने आमच्याही दोन गाई सांभाळल्या. दिवस आठवड्याच्या मधला धरावा. रविवार टाळावा, आणि मे महिन्याच्या अखेरीस काजवे चमकतात तेव्हाची गर्दी तर टाळावीच. मोटारींच्या उजेडात काजवे काय दिसणार, आणि त्या बिचाऱ्या किड्यांना तरी काय सुचणार! दसरा ते दिवाळी हा काळ उत्तम. जलाशय भरलेला असतो, आभाळ धुतलेले असते आणि भात पिवळे होऊ लागलेले असते.

गावातली जीप ठरवली. डिझेलची टाकी अकोल्यातच भरून घ्यावी. पुढे डोंगरात भरवसा नाही. मोबाइलला घाटघरकडे रेंज मिळतेच असे नाही, म्हणून घरी परतीची वेळ सांगून निघावे. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदे आणि पाण्याचे दोन कॅन बरोबर घ्यावेत. कपबशा, पत्रावळी प्लास्टिकच्या नेऊ नयेत. तो अभयारण्याचा भाग आहे आणि तिथला कचरा पहिल्या पावसात जातो तो थेट धरणात, म्हणजे आपल्याच पाटात.

पहाटे पाचला निघालो. अकोल्यात प्रवरेकाठी अगस्ती ऋषींच्या आश्रमात दर्शन घेतले, चहा झाला आणि राजूरच्या वाटेला लागलो. इथून पुढे शेतकऱ्याच्या डोळ्यांना खरी मौज आहे. ऊस मागे पडतो, काळी जमीन जाऊन तांबूस-मुरमाड माती येते. मग साग, ऐन, हिरडा, आणि उतारावर पायऱ्यांसारखी भातखाचरे. त्याहून वर, जिथे बैलसुद्धा नीट उभा राहणार नाही, तिथे नागली आणि वरई. वाटेत रंधा धबधबा लागतो. तो परतीला ठेवावा. तालुक्यातले कोंभाळणे हे राहीबाई पोपेरे यांचे गाव. देशी बियाणे जपल्याबद्दल त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांची बियाणे बँक पाहायची असेल तर त्यासाठी वेगळा दिवस काढावा. एका दिवसात सगळे कोंबले की काहीच पदरात पडत नाही.

शेंडीला वन विभागाच्या नाक्यावर पावती घ्यावी आणि पुढच्या रस्त्याची चौकशी करावी, कारण पावसाळ्यानंतर कुठे खचले असेल सांगता येत नाही. तिथून आधी घाटघरकडे वळावे. पुष्कळजण उलट जातात आणि दुपारी कड्यावर पोहोचतात. तेव्हा ऊन डोळ्यांवर येते आणि कोकण धुरकटलेले असते. सकाळी ऊन पाठीशी असते. डाव्या हाताला जलाशय, उजव्या हाताला कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. पुढे अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले खांद्याला खांदा लावून उभे दिसतात. मुरशेत, पांजरे, उडदावणे अशी गावे मागे टाकत आम्ही दहाच्या आत घाटघरला पोहोचलो. कड्यावरून खाली कोकण स्वच्छ दिसत होते. वहिनी कठड्याला धरून बराच वेळ उभ्या होत्या. मुलांना मात्र कड्याच्या टोकापासून लांबच ठेवावे.

या घाटघरला बहुतेक वर्षी ४,००० ते ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या श्रीरामपूर-राहात्याकडे ४५० ते ५५० झाला तरी आपण साल बरे म्हणतो. ढग कोकणातून वर चढताना या कड्याशी आपले ओझे टाकतात आणि शंभरेक किलोमीटर पूर्वेला आपल्याकडे येईतो रिकामे होतात. हे मी वर्षानुवर्षे शेतकरी मेळाव्यांत फळ्यावर काढून दाखवले आहे. अण्णांना त्या कड्यावर उभे राहून पाच मिनिटांत समजले.

तिथे २००८ साली सुरू झालेला २५० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे. एक तलाव वर, एक खाली. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "म्हणजे रात्रीची लाइट यांच्याही नशिबाला आलीच म्हणायची!"

साम्रदजवळ सांदण दरी आहे. जमिनीला चीर पडावी तशी अरुंद, खोल घळ. ती तोंडाशी उभे राहूनच पाहावी. बायकामुलांना घेऊन आत उतरू नये, आणि पावसाची शंका असेल तर कुणीच उतरू नये. तिथून रतनवाडीला आलो. रतनगडाच्या पायथ्याचे अमृतेश्वराचे जुने दगडी मंदिर आणि शेजारची पुष्करणी फार देखणी आहे. आपली प्रवरा उगम पावते ती याच रतनगडाच्या परिसरात. तिला अमृतवाहिनी का म्हणतात ते इथले पाणी तोंडावर मारले की कळते. पुढे हिच्याच काठी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली.

मंदिराबाहेर झाडाखाली भाकरी सोडल्या. शेजारच्या खाचरात एक आजी भात कापत होत्या. अण्णा राहवेना म्हणून बांधावर गेले, लोंबी हातात घेऊन वास घेतला. काळभात होता. कुसळे काळसर, दाणा बारीक आणि वास असा की ओंजळ नाकापासून दूर होईना. बोलता बोलता आजींनी विचारले, "तुमी कुठले?" अण्णांनी गावाचे नाव सांगितले आणि म्हणाले, "तुमच्या या धरणाच्या पाण्यावर आमचं शेत आहे."

"व्हय? मंग लई पाणी आसंल," आजी म्हणाल्या. "आमाला चैतात हंडाभर पाण्यासाठी झऱ्याला बसावं लागतं."

अण्णा काही बोलले नाहीत. धरण उशाला अन् कोरड घशाला ही म्हण आपण सगळेच वापरतो, पण समोर जलाशय चमकत असताना ती ऐकणे निराळे. मी त्यांना कारण सांगितले. इथला कातळ कठीण, माती वीतभर, उतार उभा. चार महिन्यांचा सगळा पाऊस धरणात उतरतो आणि गावाच्या विहिरीत टिकत नाही. गाव वर आणि पाणी खाली. ते उपसून चढवायला खर्च पेलत नाही. यात आजींच्या कोरडवाहू नागलीचा काय दोष? दुष्काळी सालात जायकवाडीसाठी पाणी सोडले की आपण रस्त्यावर उतरतो. या खोऱ्यातल्या माणसाने आपल्याविरुद्ध रस्त्यावर उतरायचे म्हटले तर त्याच्याकडे आपल्यापेक्षा भक्कम कारण आहे, हे मला तिथे बसून वाटले. सरकारी नोकराने असे लिहावे की नाही, कोण जाणे.

वहिनींनी आजींना भाकरी-चटणी दिली. आजींनी घरातून गेल्या सालचे पायलीभर काळभाताचे तांदूळ आणून दिले, आणि पैसे घेता घेईनात. शेवटी वहिनींनी नातवाच्या हातात कोंबले.

कोलटेंभे, मुतखेल या बाजूने चारच्या सुमारास धरणावर आलो. १९१० साली काम सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. आता त्याला शंभर वर्षे झाली. दगडी बांधकाम, उंची ८२ मीटर, साठा सुमारे ११ अब्ज घनफूट. इथून सोडलेले पाणी नदीनेच खाली निळवंडे धरणात आणि पुढे संगमनेर तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जाते. तिथून डावा आणि उजवा असे दोन पाट निघतात. या पाटांनी ऊस आणला, आणि उसाने १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला. निळवंड्याच्या डाव्या कालव्याचे पाणी तर जिरायत गावांना २०२३ साली, दोन पिढ्यांनी वाट पाहिल्यावर मिळाले. अण्णा भिंतीकडे बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "साहेब, इथून ओझर किती लांब?" मी अंदाजे आकडा सांगितला. "आणि ओझरहून माझी चारी?" तो आकडा त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता.

परतीला उजेड असेतो रंधा पाहिला. पाऊस ओसरल्यावर धार बारीक असते, पण दरी खोल आहे आणि कडा निसरडा. कठड्याच्या आतूनच पाहावे. रात्री साडेनऊला गावात आलो. पुतण्याने धार काढली होती, डेअरीला दूध घातले होते.

त्या तांदळाचा भात वहिनींनी दिवाळीच्या पाडव्याला केला आणि आम्हाला जेवायला बोलावले. यंदा अण्णा दोन जीपा सांगणार आहेत. एकीत टेलचे लोक, दुसरीत हेडचे. तारीख सोयाबीनच्या मळणीवर अवलंबून आहे.